पेणची हाक, रोह्याचं कुलूप

हौसा माझी नणंद. आमच्या ह्यांची धाकटी, एकुलती एक बहीण. पेणमध्ये तिच्याविषयी सध्या दोन गोष्टी सांगतात. एक, तिला नवऱ्याने टाकलं. दुसरी, तिने कंपनीचं काम बंद पाडलं म्हणून कंपनीने तिला काढलं. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी खोटी आहे, आणि ती खोटी असल्याचं ज्या माणसाला सगळ्यांत चांगलं ठाऊक आहे तो रोज संध्याकाळी माझ्या हातचं जेवतो. म्हणून हे लिहायला घेतलं. रोजच्या वहीत देवाचं, सणावाराचं, दुधाचं लिहिते, तसंच हेही.

हौसाचं लहानपण वडखळच्या पलीकडे खाडीकाठी गेलं. सासरे मिठागरावर कामाला होते. उधाणाच्या दिवसांत बांधाला खांड गेली, म्हणजे बांध फुटून खाडीचं पाणी आत घुसायला लागलं, की हाक मारायची. पण वाऱ्यात एका टोकाची हाक दुसऱ्या टोकाला पोचत नाही. म्हणून मधल्या बांधावर कुणाला तरी उभं करत. त्याने इकडची हाक ऐकायची, ती कुणाच्या आगरातून आली ते ध्यानात ठेवायचं आणि तिकडे ओरडून कळवायचं. हे काम हौसाकडे आलं ते तिच्या आवाजामुळे. सासरे कौतुकाने म्हणायचे, "माजी पोर वरडली का खाडीतला गलबत उभा ऱ्हाईल." हाक आली की माणसं भरल्या ताटावरून उठत. ज्यांचं एकमेकांशी बोलणं नसे तेही घमेलं घेऊन धावत. ऐकू आलं नाही असं म्हणण्याची कुणाची छाती नव्हती. आमचे हेही त्याच बांधावर वाढले. चिखल वाहून वाहून त्यांच्या खांद्याला घट्टा पडला होता, तो मी लग्नात पाहिलाय.

बारावी झाल्यावर हौसाचं लग्न झालं. नवरा मुंबईला, तिथे त्याने दुसरी आणली. हौसा एक पिशवी घेऊन पेणला आमच्या दारात उभी राहिली. मला वाटलं आता रडेल. तर म्हणाली, "वहिनी, पानी कंच्या टायमाला येतं गो?" आणि हंडा घेऊन नळावर गेली.

आमचं घर दोन खोल्यांचं. ती मधल्या दाराच्या आडोशाला झोपायची. सगळ्यांचं येणंजाणं तिच्या अंथरुणावरून. तिने कधी तोंड वाकडं केलं नाही, पण झोपतानाही पदर खोचून झोपायची, जसं काही कुणी उठवायलाच येणार आहे.

पुढे तिने एसटी स्टँडजवळच्या क्लासात कॉम्प्युटर शिकून घेतला. हे रोह्याला एका रसायनांच्या कारखान्यात वीज खात्यात कायम आहेत. त्या कंपनीचा पेणला डेपो आहे. तिथे शहाण्णव साली हौसाला लावून घेतलं, कंत्राटावर. मुदत संपली की नवा कागद. कॉम्प्युटर सांभाळायचे, ट्रकच्या चलनांचं बघायचं. मुंबईचे साहेब आले की तिच्यावर खूश असत. एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "येत्या दिवाळीपर्यंत असंच नीट चाललं तर बाईंना कायम करू." कायम झाली की रोह्याच्या वसाहतीत एक खोली मिळणार होती. त्या रात्री जेवताना ती मला म्हणाली, "वहिनी, खोलीच्या दाराला आतून कडी आसंल, नाय?"

तिला एवढंच हवं होतं.

आता डेपोतल्या कामाचं. रोह्याचं ऑफिस आणि पेणचा डेपो टेलिफोनच्या तारेने जोडलेले आहेत. प्रत्येक कॉम्प्युटरला त्या तारेवर बोलायला स्वतःचा नंबर लागतो, घराला असतो तसा. आधी हौसा ते नंबर हाताने घालायची. पण एकदा रोह्याहून कुणी एक कॉम्प्युटर आणून ठेवला, त्याचा नंबर आणि इथल्या एकाचा नंबर एकच निघाला. एका घराच्या पत्रावर दोघं हक्क सांगणार, तसं होऊन दोन्ही बंद पडले. साहेब चिडले. हुकूम निघाला, की ह्यापुढे हाताने नंबर घालायचा नाही, सगळे नंबर रोह्याचं एकच मशीन देईल. पण ते मशीन रोह्याला आणि मागणारे पेणला, ह्याचं काय करायचं, ते हौसाने शोधून काढलं. त्याला रिले म्हणतात.

मला तिने ते वाल सोलताना समजावलं होतं.

"वहिनी, हळदीकुंकवाला बायकांना कशी बोलवतेस?"

"दारात उभी राहते नि हाक मारते."

"पलीकडच्या आळीतल्या आयकतात?"

"त्या कशा ऐकतील? तिकडे कुणाला तरी पाठवावं लागतं."

"तसाच हाय. सकाळी मशीन चालू झाला का त्याला सोताचा नंबर ठाव नसतो. तो खोलीभर वरडतो, नंबर द्या, नंबर द्या. देनारा तर रोह्याला. मंदी राउटरची पेटी. ती ह्यो आरडावरडा बाहेर जाऊ देत नाय, उंबऱ्यावरच आडवते. म्हून पेटीला सांगून ठेवायचं, का वरडनं आयकलंस तर उचल नि रोह्याच्या त्या एका मशीनच्या पदरात नेऊन घाल. नि सांग, पेनच्या खोलीतनं आलाय. मंग तो पेनच्या वाटनीचा नंबर देतो, नि पेटी परत आनून देते."

"म्हणजे तू बांधावर उभी राहायचीस तशी."

ती हसली. वालाचं साल माझ्या अंगावर उडवून म्हणाली, "व्हय. फकस्त पेटीचा घसा बसत नाय."

"आणि एकदा मिळाला की नंबर कायमचा का?"

"नाय गो. रोहेकरांनी एका दिसाचीच मुदत ठेवलीय. दुसऱ्या दिशी पुना मागायचा. माज्यासारकाच, कंत्राटी."

साहेबांनी रिलेला मान्यता दिली आणि पावसाळाभर ते बिनबोभाट चाललं. इतकं, की डेपोतल्या लोकांना तसं काही आहे हेच विसरायला झालं.

मग दसरा आला. कारखान्यात दसऱ्याला यंत्रांची पूजा असते. मोटारी, पंप, वजनकाटा, सगळं बंद करायचं, धुवून पुसून हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची. दुसऱ्या दिवशी फुलं उतरवेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. रीत चांगली आहे. मीही त्या दिवशी विळी पुजते आणि भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवते. कारखान्याच्या माळा दरवर्षी मीच ओवत असे. ह्यांनी माळांची पिशवी उचलली तेव्हा हौसा भाकरीचा डबा भरत होती.

"दादा, नंबरवाल्या मशीनला कुंकू लाव, पन बंद नको करू हां. उद्या तुमची पालखी, तुमाला सुट्टी. आमचा डेपो चालू हाय."

हे थबकले. "सगळी यंत्रं बंद करून पुजायची नि तुझं मशीन घुंघुं करत असताना त्याला माळ घालू? चालत्या यंत्राची पूजा करतात होय गो?"

"मंग बंद करून पूज नि लगेच चालू कर. साहेबांनीबी तसंच सांगितलंय ना?"

"साहेब मुंबईचा. नि तू फ्रॉक घालून फिरत होतीस तेव्हापासून मी वीज हाताळतोय. मला नको शिकवू."

"शिकवत नाय रं दादा. आठवन करते."

"केलीस ना? झालं तर मग."

त्यांनी रोह्याला जाऊन मशीनचं बटण बंद केलं, माळ घातली, नारळ ठेवला, खोलीला कुलूप लावलं आणि चावी खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी फुलं उतरवून ते चालू करायचं, असं मनात होतं म्हणे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रोह्याला ग्रामदैवताची पालखी निघते. गावच्या गाव रस्त्यावर असतं. कारखान्याला सुट्टी, पण वीज खात्यातला एक माणूस थांबावा लागतो. त्या दिवशी पाळी ह्यांची होती. ते सकाळी गेले ते फाटकावरच थांबले, कारण पालखीची वाट तिथून दिसते.

इकडे पेणला हौसाने डेपो उघडला आणि मशीनं चालू केली. एकालाही नंबर मिळेना. पुन्हा बंद, पुन्हा चालू. नाहीच. बाहेर ट्रक लागलेले. त्यांतली पिंपं बंदरावर त्याच दिवशी बोटीत चढायची होती. कॉम्प्युटरवरून चलन निघाल्याशिवाय ट्रक हलत नाही. डेपोचा पोपट, माल मोजून घेणारा, तोंडाचा फटकळ, खिडकीत येऊन म्हणाला, "हौसाबाई, तुमची मशीनं इथं बोंबलतायत नि रोहेकर तिकडं गुलालात. कोन आयकनार?"

"माजा भाऊ हाय तिथं," हौसा म्हणाली.

"मंग काय, लाव फोन भावाला!"

तिने लावला. फाटकावरचा पहारेकरी आत जोडून देतो म्हणाला आणि तिथेच ह्यांच्या हातात दिला.

"दादा, मशीन चालू हाय ना रं?"

"हाय चालू."

"बगून सांगतोस का?"

"समोर उभा हाय मी. हिरवा दिवा लागलाय. तुझ्याकडंच काहीतरी बिघडलं असंल."

"दादा, येकदा आत जाऊन बग. माज्यासाठी जा."

"बघितलं म्हणून सांगितलं ना? ठेव आता."

आणि फोन ठेवला. तिने पुन्हा लावला तर पहारेकरी म्हणाला, नाथा पालखीबरोबर पुढे गेला, चावी त्याच्याकडेच. नाथा म्हणजे आमचे हे. तिने मुंबईला साहेबांना फोन केला, आजच्यापुरते हाताने नंबर घालू द्या म्हणून विनवलं. साहेबांनी रोह्याला विचारून परत फोन केला, "तो गोंधळ पुन्हा नको. रिले तुम्ही मागितलात, तुम्हीच चालवा. रोह्याचं मशीन चालू आहे, नाथाने पाहिलंय, मी फाटकावर विचारलं." ट्रक अंधार पडेपर्यंत उभे राहिले. बोट निघून गेली.

हे घरी आले ते कपाळाला गुलाल आणि हातात प्रसाद. मी चुलीपाशी होते. हळूच म्हणाले, "ते पूजेचं मशीन बंदच राहिलं गो. पालखी वळल्यावर आठवण झाली. मग जाऊन चालू केलं. आता चाललंय. कुणाला बोलू नको."

प्रसाद मी देवापुढे ठेवला, तोंडात घातला नाही. हौसा मागच्या दारी पाय धूत होती. मी सरळ तिच्याकडे गेले आणि सांगून टाकलं.

"ठाव हाय," ती म्हणाली. "फोनात ढोल वाजत व्हता. मशीनची खोली पार मागं, गोदामाच्या आड. तिथं ढोल कसा आयकू येईल गो?"

"मग त्याच वेळी का नाही बोललीस?"

"कुनाला बोलू? साहेबाला सांगू, माजा भाऊ खोटा बोलतोय?"

तिने पायांवर आणखी एक तांब्या ओतला. पाय स्वच्छच होते.

चौकशी लागली. तोवर हौसा एकदाही ह्यांना काही बोलली नाही. मलाच म्हणाली, "वहिनी, मशीनला इचारलं ना, तर तो सांगंल कदी निजला नि कदी उठला. त्याच्या पोटात समदी नोंद असते. पन मी इचारायला लावनार नाय. मी इचारलं तर दादा चोर ठरंल. तो सोता बोलला तर चूक ठरंल, नि चुकीला कुनी काडून टाकत नाय. बोलंल तो. बाबाच्या बांधावरचा हाय."

मी ह्यांना सांगायचं ते सगळं सांगून पाहिलं. गोडीने सांगितलं, मुलांची शपथ घातली, देवासमोर उभं केलं. म्हटलं, ज्या हातांनी त्या मशीनला कुंकू लावलंत त्याच हातांनी खोटं नका रेटू.

"तुला काय जातंय बोलायला," हे म्हणाले. "मी कायम माणूस. साहेबांनी चालू ठेवायला सांगितलेलं, मी बंद केलं, वर फोनवर खोटं बोललो. कामावर असताना पालखीला गेलो तेही निघेल. मला घरी बसवलं तर चूल काय तुझे देव पेटवतील?"

"आणि तिचं काय?"

"तिचं काय? एकटा जीव. कुठंही चिकटेल."

एकटा जीव. ज्याच्या दारात आपण उभं राहावं त्याने असं म्हणावं.

चौकशीच्या दिवशी साहेबांनी दोघांना पेणच्या डेपोत समोरासमोर बोलावलं. ते मला पोपटने सांगितलं, बाजारात, भाजीच्या पाटीसमोर उभं राहून. कॉम्प्युटरच्या एजन्सीचा माणूसही होता. तो म्हणाला, लाईन खराब असेल, नाहीतर रिलेचं सेटिंग चुकलं असेल. त्याला घरी जायची घाई होती. मग साहेबांनी विचारलं, "नाथा, त्या दिवशी मशीन चालू होतं?"

"नाथाभाऊंनी जमिनीकडं बघितलं," पोपट म्हणाला. "मंग म्हनाले, व्हय साहेब, चालू व्हतं."

"आणि हौसा?"

"साहेब तिला म्हनाले, तुम्हाला काय सांगायचंय? ती भावाकडं बघत व्हती. लय वेळ. शेवटी म्हनाली, त्यो म्हनतो तर चालू आसंल. बस. वहिनी, मी दिवसभर टिंगल करतो तिची, पन त्या दिशी मलाच लाज वाटली, आता कशाची ते इचारू नका."

साहेबांनी शेरा मारला, की रिलेची पद्धत बेभरवशाची, आणि ती आणणारी व्यक्ती बेजबाबदार. हौसाचं कंत्राट पुढे वाढलं नाही. रिलेही काढून टाकला. थोड्याच महिन्यांत तो पुन्हा बसवला, कारण त्यावाचून गाडं चालेना. बसवणारा पनवेलचा कुणी होता, त्याला कायम केलं, आणि वसाहतीतली खोली त्याला दिली. हे सगळं ह्यांनीच जेवताना मला सांगितलं, आणि वर म्हणाले, "बघ, पद्धत वाईट नव्हतीच." मी वाढायची थांबले. त्यांना कळलं नाही का थांबले ते.

त्या दसऱ्यानंतरच्या दिवाळीचा फराळ हौसाने माझ्याबरोबर केला. चकलीचा सोऱ्या तिच्या हातात, कढई माझ्याकडे. ह्यांच्याशी ती बोलायची, पण कामापुरतं. पाणी तापलंय. चहा घे. मुलांच्या लक्षातही आलं नाही.

भाऊबीजेला मी संध्याकाळी पाट मांडला, रांगोळी घातली. हे नवा शर्ट घालून, टोपी घालून पाटावर बसले. त्यांनी तिच्यासाठी साडी आणली होती, चांगली भारी, बाजूला ठेवली होती. हौसाने ताट तयार केलं. निरांजन, सुपारी, अक्षता, कुंकू. सगळं नीट, काही विसरली नाही. ताट घेऊन आली, आणि पाटाच्या बाजूने पुढे निघून गेली, दार ओलांडून अंगणात.

ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, हे कुणाला सांगायला नको. खाडीच्या अंगाला बीजेची कोर दिसत होती, नखाएवढी. हौसाने तिच्याकडे तोंड करून ताट ओवाळलं. एकदा, दोनदा, तीनदा. अक्षता टाकल्या.

"हौसा," हे आतून म्हणाले. "अगो, मी बसलोय ना हितं."

अंगण काही लांब नाही. शेजारच्या आळीपर्यंत जाईल असा त्यांचा आवाज होता. ती वळली नाही. हात जोडले, निरांजन पदराआड धरून आत आली आणि देव्हाऱ्यात ठेवलं. मग मधल्या दाराच्या आडोशाला जाऊन आपली पिशवी भरू लागली. तीच पिशवी, आली तेव्हाची.

आता ती पेणमध्येच एका गणपतीच्या कारखान्यात मूर्तींना पॉलिशपेपर मारते. हात पांढरे, पापण्याही पांढऱ्या. मालकिणीच्या माडीवर दोघीतिघींत मिळून राहते. कडीचं मी विचारलं नाही. एकादशीला देवळात भेटते, माझ्याशी बोलते, मुलांसाठी काहीबाही देते. दादा कसा आहे हे विचारत नाही. मी सांगत नाही. लोक मला म्हणतात, नणंदेला सांभाळलं नाही. मी ऐकून घेते.

दसऱ्याच्या माळा आता मी ओवत नाही. हे बाजारातून विकत घेतात. देवाकडे मी ह्यांच्यासाठी जे मागत होते ते मागायचं सोडलंय. दिवा लावते, हात जोडते आणि उठते.

परवाच्या भाऊबीजेला ह्यांनी स्वतःच पाट मांडला. रांगोळी जमली नाही तेव्हा नुसत्या चार रेघा ओढल्या. टोपी घालून बसले.

"तिला निरोप धाडला होतास ना?" मला विचारलं.

"धाडला होता."

"पोचला का?"

"पोचला," मी म्हटलं, आणि दाराला कडी न लावता आत गेले.